मासिकात नव्हता तो भाग

माझी धाकटी जाऊ अजूनही चार बायका जमल्या की सांगते, "मला बायनं वाचवली." बाय म्हणजे मी. ती हे सांगू लागली की मी उठते आणि पाणी प्यायला आत जाते. बायकांना परवापर्यंत वाटायचं, थोरलीला आपलं कौतुक ऐकवत नाही, किती साधी बाई. हे पाणी पिणं वीस वर्षांच्या वर चाललंय. आता पुरे झालं. जे झालं ते लिहून टाकते, आणि माझ्या अंगावर येणारं आधीच लिहिते, नाहीतर पुढे गोष्ट रंगली की ते सांगायचं मी टाळीन. मी स्वतःला ओळखते.

तिला ज्या बैठकीपासून मी वाचवली, त्या बैठकीचं नाव आमच्या घरात पहिल्यांदा मीच काढलं होतं.

लढाईचे दिवस होते. कडावच्या अलीकडे आमचं घर, भातशेती, दोन म्हशी. आमचे हे कर्जतच्या स्टेशनात खलाशी होते, आठवड्याच्या सुट्टीला घरी येत. शेत धाकटे दीर बघत. सासऱ्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे घर सासूबाईंच्या हातात. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. आत्याचा आवाज मोठा, पाय त्याहून मोठे, आणि हसायला लागली की पदर तोंडात कोंबून हसायची. तिला हसवायची ती धाकटी. मी दोन मुलगे दिले होते घराला, वेळेवर, न रडता-भेकता. पण आत्या माझ्याशी बोलायची ती मीठ-मिरचीचं. धाकटीला लग्नाला सहा वर्षं होऊन मूल नव्हतं, तरी दोघी गोठ्यात शेण काढताना खिदळायच्या. मला ते सलायचं. कुणी विचारलं असतं तर नाही म्हटलं असतं.

एकदा कर्जतच्या बाजारातून आले आणि आत्याला सहज म्हणावं तसं म्हटलं, "आत्या, कडावच्या पलीकडं एक बैठक भरते म्हनं मंगळवारची. मूल नसलेल्या बायांना बसवतात. गुन येतो म्हनं."

सहज नव्हतं ते. वाटेभर जुळवत आले होते.

आत्या पुढच्याच मंगळवारी गेली. परत आली ती गळ्यात काळा दोरा आणि त्यात एक कवडी बांधून.

त्या बैठकीत एक विधवा बाई होती, तिला सगळ्या मोठी आई म्हणत. तिच्या अंगात येई. भोवती आसपासच्या गावांतल्या सासवा, सगळ्यांच्या गळ्यात कवडी. एकमेकींना भेटल्या की रामराम नाही, नमस्कार नाही. एक म्हणायची, "आई बघते." दुसरी म्हणायची, "बघते हाय." आमच्या बांधावरूनही कुणी जाताना हे म्हणू लागलं. मूल नसलेल्या सुनेला पाच मंगळवार मधे बसवायचं, भोवती सगळ्यांनी फिरायचं, मिरच्यांची धुरी द्यायची, आई बोलेपर्यंत तिनं उठायचं नाही. शेजारच्या गावातली एक मुलगी पाच मंगळवार बसून आली आणि सगळा उन्हाळा भिंतीकडे तोंड करून बसली, कुणाशी बोलली नाही. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "आतून शांत झाली."

आत्यानं ठरवलं, शिमगा झाला की धाकटीला बसवायची. पाच मंगळवारांनी काही झालं नाही तर मोठ्या आईची एक भाची होती खालापूरकडे, ती दिरांना दुसरी करून आणायची. हे आत्या सगळं मोठ्यानं बोलायची, धाकटीच्या समोर, भाकरी थापता थापता. वाईटपणानं नाही. पीक आलं नाही तर दुसरं बी पेरतात, तसं.

हे थांबवायला हवं असं मला तेव्हा वाटलं. बैठक म्हणजे चार टोमणे, एखादा उपास, एवढंच मी धरून चालले होते. पण बोलायची सोय नव्हती. बोलले असते तर आत्या म्हणाली असती, "तूच ना सांगितलंस?" आणि ते धाकटीनं ऐकलं असतं.

आता गोष्टीकडे येते. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला घाट चढायला कर्जतला मागून आणखी इंजिनं लावतात. तेवढ्यात लोक उतरून पाय मोकळे करतात आणि बाकावर काहीबाही विसरतात. आमच्या ह्यांना छत्र्या कधी सापडल्या नाहीत, मासिकं मात्र सापडायची. माझं माहेर कर्जतचं, मी पाचवी शिकलेली. घरात वाचता येणारी बाई मी एकटी. माघ-फाल्गुनात दुपारी पडवीत आम्ही मोड आलेले वाल सोलायला बसायचो, सात माणसांचं बिरडं म्हणजे मोठं काम. सगळ्या सोलायच्या आणि मी वाचायची, म्हणजे मला सोलायला लागायचं नाही. आत्या, धाकटी आणि शेजारची काकी. काकी मिश्री लावत ऐकायची आणि मधे बोलायची.

त्या वर्षी एक भयकथा येत होती, तुकड्या-तुकड्यांनी. एक नवी सून डोंगरावरच्या मोठ्या घरात येते. घरातल्या बायका अवसेला तळघरात जातात. तिथे चेहरा नसलेली एक मूर्ती असते आणि तिच्यापुढे रिकामा पाळणा हलत असतो. सगळ्या बायका सुनेच्या पोटाकडे बघत राहतात. तिला काय कडू-कडू खायला देतात. दुसऱ्या भागाच्या शेवटी सून तळघराच्या दाराला कान लावते, आत अंगाई चालू असते, आणि मागून तिच्या खांद्यावर कुणाचा तरी हात पडतो. क्रमशः.

"रिकामा पाळना हलवू नये, येवढं कळत नाय त्यांना?" काकी म्हणाली. "शिकलेली मानसं दिसतात."

"मंग हात कुनाचा?" आत्यानं विचारलं.

"पुढच्या महिन्यात," मी म्हटलं.

पुढच्या महिन्याचा अंक काही सापडला नाही. लढाईमुळे कागद नव्हता, की त्या महिन्यात कुणी विसरलंच नाही, देव जाणे. आत्या रोज विचारायची. हे सुट्टीला आले की चपला काढायच्या आत, "आनलास?" मुलाला पेज देण्याआधी हा प्रश्न. शेवटी एके दुपारी तिघी वाल घेऊन बसल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या, तेव्हा मी जुनाच अंक काढला, हाताला आलं ते पान उघडलं आणि म्हटलं, "हा आला तिसरा भाग."

का केलं? वाल सोलायचे नव्हते हे एक. आणि मनात आलं, आत्याला भेवडावून बघावं. बैठक जशीच्या तशी गोष्टीत घालायची. छापलेलं ऐकलं की तिला तिचंच कळेल. आमच्या घरात छापलेलं म्हणजे खरं. पंचांग छापलेलं, सरकारचं रेशनचं फर्मान छापलेलं; खोटं असतं तर कोण कशाला छापील?

मग मी वाचायला लागले. खांद्यावरचा हात मोठ्या सासूचा, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या चुलतीचा. तिनं सुनेला तळघरात नेलं, मधे बसवलं, भोवती बायका, गळ्यात कवड्या. पाच मिरच्यांची धुरी. सून गुदमरतेय, डोळ्यांतून पाणी, आणि त्या गोल फिरताहेत. मी आवाज खाली आणला. माझ्याच अंगावर काटा आला. वर बघितलं.

आत्या शांतपणे वाल सोलत होती. "मिरच्या सुक्या का वल्या?"

"सुक्या."

"बरोबर."

काकी म्हणाली, "येवढा वाडा त्यांचा, आनि पाच मिरच्या? कंजूष हायेत." मग तिनं मान पुढे करून पानाकडे बघितलं. "बाटली कसली गं ती चित्रात?"

मी बघितलं. पानावर केसांच्या तेलाची जाहिरात होती. "ते औषध," मी म्हटलं, "तिला पाजतात ते."

"येवढी मोठी बाटली? मंग व्हईल मूल."

"करतात त्या तिच्या बऱ्यासाठीच," आत्या म्हणाली. "पोर उगाच रडते. घराला दिवा नको?"

भयकथेत भ्यायचं कुणाला हेच माझ्या श्रोत्यांना उमगलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, तळघरातल्या बायका ह्या कामसू बायका आणि सून जरा नाजूक. मी पुढच्या दुपारी नाग घातला, कवटी घातली, रक्ताची वाटी घातली. काकी म्हणाली, "मजा येते हाय." आत्यानं कवटीबद्दल तेवढं विचारलं, की धुतलेली होती ना.

त्यानंतर एकदा मी आणि धाकटी नदीवर धुणं धूत होतो. ती चादर पिळता पिळता म्हणाली, "बाय, इतकं वाचलंस आनि पान येकदा पन उलटलं नायस."

मी चादरीचं दुसरं टोक धरून उभी राहिले.

"मी कुनाला सांगत नाय," ती म्हणाली. "फकस्त तिला जरा खायला घाल. त्या सुनेला. सारखं कडू पाजतेस. दूध घाल, तूप घाल."

"तूप कशाला?"

"तू घाल तर."

दुसऱ्या दुपारी मी वाचलं की तळघरातल्या बायकांनी सुनेला रोज वाटीभर दूध आणि भातावर तूप द्यायला सुरुवात केली, कारण सुकलेल्या अंगात मूल रुजत नाही. आणि त्याच संध्याकाळी आत्यानं धाकटीच्या भातावर तूप वाढलं. न बोलता. मला नाही वाढलं. धाकटीनं माझ्याकडे बघितलं नाही, ताटाकडेच बघत राहिली, पण तिचे खांदे हलत होते.

मग आम्हाला चटक लागली. नदीवर ती मागायची, पडवीत मी वाचायची, चुलीपाशी आत्या ते करायची. सुनेनं दुपारी घटकाभर पडायचं. पडू दिलं. सुनेनं डोक्यावर पाण्याचे दोन हंडे घ्यायचे नाहीत, एक घ्यायचा. दुसरा माझ्या डोक्यावर आला. हे मला वाचताना सुचलं नव्हतं. एकदा धाकटी म्हणाली, "नवऱ्याला पन पाज की कायतरी. तिलाच किती पाजशील?" मी वाचलं की तळघरातल्या बायकांनी सुनेच्या नवऱ्याला किराईताचा काढा दिला, कारण दोष दोघांचा असू शकतो.

आत्या थबकली. "नवऱ्याचा? असं छापलंय?"

"हे काय," मी बोट ठेवलं. तिथे साबणाची वडी होती.

दीर संध्याकाळी शेतावरून आले तर पुढ्यात वाटी. त्यांनी वास घेतला. "हे काय गं आये?"

"पी."

"मला ताप नाय."

"पी म्हनते ना. छापलंय."

ते प्याले. गरीब माणूस. तोंड असं केलं की माझी मुलं पुढचे आठ दिवस त्याची नक्कल करत होती. काकीनं हे ऐकलं आणि आपल्या मुलालाही पाजलं, त्याला चार पोरं असून.

इतकं हसलो आम्ही त्या दिवसांत, की शिमगा जवळ येतोय हे मी विसरले. धाकटी विसरली नव्हती. आणि खरं म्हणजे आमची गोष्ट उलटीच चालली होती. आत्या म्हणू लागली होती, "बघ, मोठ्या घरांतपन असंच करतात. आमची आई सांगते तेच." बैठकीवरचा तिचा विश्वास मीच रोज दुपारी मातीनं लिंपून पक्का करत होते.

होळीच्या आठवडाभर आधी नदीवर धाकटी म्हणाली, "मी त्या मधी बसनार नाय."

मी म्हटलं, "मी आत्याशी बोलते."

"तू बोलून काय व्हनार? ती बसवील. मंग इहीर काय लांब नाय आपली." हे तिनं धोतर आपटता आपटता म्हटलं, माझ्याकडे न बघता, आणि पुढचं धुणं हातात घेतलं.

मी तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी. मग म्हटलं, "साबन दे."

घरी आले. धाकट्या मुलानं अंगणात पडून गुडघा फोडून घेतला होता. तो रडत आला, माझ्या अंगावरून गेला आणि सरळ आत्याच्या मांडीवर. आत्या त्याच्या गुडघ्यावर फुंकर घालत होती आणि तिचं तोंड असं झालं होतं की तिच्याकडे बघायची मला लाज वाटली. मी चूल पेटवायला गेले. लाकडं लावता लावता मला कळलं, ह्या बाईला नागाचं भय नाही, धुरीचं नाही, कवटीचं तर नाहीच. हिला एकाच गोष्टीचं भय असणार, आणि ती मी अजून वाचलेली नाही.

दुसऱ्या दुपारी पडवीत बसलो. मी वाचलं की सून बाळंत झाली. मुलगा झाला.

"बघ," आत्या म्हणाली.

सुनेच्या नवऱ्याची आई न्हाणीघरातून धावत आली, हात पुसत, मूल घ्यायला. तेवढ्यात तळघरातल्या बायका वर आल्या. पुढे ती मोठी सासू. तिनं मूल उचललं. आजीनं हात पुढे केले. मोठी म्हणाली, मूल आईनं दिलं, मूल आईचं. बारशाला पाळणा त्यांनी बांधला, नाव त्यांनी ठेवलं, गाणी त्यांनी म्हटली. आजी दाराशी उभी. कुणी तिला आत ये म्हटलं नाही. मूल रांगायला लागलं, चालायला लागलं. एक दिवस पडलं, लागलं त्याला, रडत आलं. आजी बसली होती अंगणात, तिनं हात पसरले. ते तिच्या अंगावरून गेलं आणि कवडीवालीच्या मांडीवर बसलं. त्यानं आजीकडे असं बघितलं जसं रस्त्यानं जाणाऱ्या बाईकडे बघतात.

काकीचं मिश्री घासणं थांबलं.

आत्याच्या हातात एक वाल होता, अर्धा सोललेला. "मंग त्या म्हातारीनं काय केलं?"

"ते लिवलेलं नाय."

"आजी ना ती? तिचं लिवायला नको?"

"नाय लिवलं."

"बगू." तिनं माझ्या हातातून मासिक घेतलं आणि पान डोळ्यांजवळ धरलं. बराच वेळ धरलं. साबण, तेल आणि कुणीतरी खताबद्दल लिहिलेलं काहीतरी. मग तिनं ते परत दिलं आणि आत जाऊन पडली. वाल तसेच राहिले. त्या दिवशी मी सोलले.

मंगळवारी आत्या बैठकीला एकटीच गेली. उन्हं उतरायच्या आत परत आली. आल्या आल्या विळा घेतला, गळ्यातला दोरा कापला आणि कवडीसकट उकिरड्यावर टाकला. आम्ही दोघी गोठ्याच्या दारात.

"मी इचारलं तिला," आत्या म्हणाली. तिला बोलताना धाप लागत होती. "म्हनलं, नातू झाला तर कुनाचा? तर म्हनते, आईचा. म्हनते, घरानं निस्तं वाढवायचं. पाच वर्षांचा झाला की बैठकीला आनून बसवायचा. मी म्हनलं, आनि मी कोन? तर म्हनते, तू दार उघडनारी."

धाकटीनं माझा हात धरला होता. "मूल आईचं" एवढं मी मासिकात घातलं होतं, बाकी काहीच नाही; "दार उघडणारी" तर मला सुचलंच नसतं.

"दार उघडनारी," आत्या पुन्हा म्हणाली. "माज्या नातवाची." मग धाकटीकडे वळून, "तू काय उभी ऱ्हायलीस गं? म्हस पान्हावलीय तिकडं. आनि ती भाची तिची, म्हनावं ठेव तुज्याच घरात. मला नको असली मानसं."

एवढंच. शिमगा झाला, पाच मंगळवार आले आणि गेले, धाकटी म्हशी पिळत होती. कवडीवाल्या बायका बांधावरून जाताना म्हणायच्या, "आई बघते." आत्या म्हणायची, "बगू दे. आमी पन बगतो." दिरांना मात्र तो काढा चैत्रापर्यंत पुरला.

ह्यांना खरा तिसरा भाग सापडला तो पुढे वैशाखात. ते वाचतच आले आणि जेवताना सांगू लागले, "आये, ती गोष्ट संपली. वाड्याला आग लागली. सून जळाली, सगळ्याच जळाल्या."

आत्यानं घास खाली ठेवला. "तू कुटलं वाचलंस? ती बाळंत झाली."

"कोन?"

"सून. मुलगा झाला तिला. तुजी बायको वाचून दावील."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी भाताचं पातेलं घेऊन उभी होते. न मागता वाढलं, आणि परत वाढलं. त्यांनी ढिगाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"असंल," ते म्हणाले. "दुसरं मासिक असंल ते."

"खोटं हाय तुजं मासिक," आत्या म्हणाली. "बाळंतिणीला कोन जाळतं?"

धाकटी पदर तोंडाला लावून परसात गेली. तिचं हसणं घरात ऐकू येत होतं.

तिला मूल झालं नाही. हे वाचून कुणाला चुकचुकावंसं वाटलं तर माझ्या अंगणात येऊन बघा. सगळ्या आळीची पोरं तिच्या मागे असतात, आणि ती त्यांना शिव्या घालत असते, आणि तिचा नवरा अजून तिच्याच हातचा चहा पितो. आत्या गेली ती तिच्याच मांडीवर डोकं ठेवून. शेवटपर्यंत त्या दोघी कशाला ना कशाला हसत होत्या. मला तेव्हाही सललं. थोडंसं.

आणि "बायनं मला वाचवली" हे तेव्हापासून चालू आहे.

आता का लिहिते ते सांगते. माझा थोरला खोपोलीला कारखान्यात लागला, साजगावला खोली घेतली. त्याचं लग्न होऊन दोन वर्षं झाली. सून मी माझ्यापाशी ठेवून घेतली, कामाला हात हवेत म्हणून. मुलगा शनिवारी येतो, रविवारी रात्री जातो. मागच्या महिन्यात मी सुनेला विचारलं, "कायी हाय का गं?" तिनं मान हलवली. मी म्हटलं, "कुनाला तरी दाखवाया पायजे." सून भांडी घेऊन आत गेली.

धाकटी ओट्यावर तांदूळ निवडत होती. ती वर न बघता म्हणाली, "बाय, तू कवापासून बैठक भरवायला लागलीस?"

तेव्हा मी सांगितलं. काही ठरवलं नव्हतं. सांगितलं की ती बैठक घरात आणली ती मी, बाजारातून येताना वाटेभर जुळवून. का आणली तेही सांगितलं, की आत्या तुझ्याबरोबर हसायची आणि माझ्याबरोबर हसायची नाही. एवढंसं कारण आणि त्यासाठी एवढं.

ती तांदूळ निवडत राहिली. सुपात खडे बाजूला होते, ते तिनं उचलून अंगणात टाकले.

"मी इहिरीवर गेली होती येकदा," ती म्हणाली. "शिमग्याच्या आदी. वाकून बघितलं व्हतं."

मी तिच्या शेजारी ओट्यावर बसले.

"तुज्यासंग मी भांडनार हाय," ती म्हणाली. "चांगली भांडनार हाय. पन ते मागनं. आधी पोरीला धाड तिच्या नवऱ्याकडं."

"कामाला—"

"मी हाय कामाला. धाड."

ती भांडली. कबूल केल्याप्रमाणे, लावणीच्या वेळी, चिखलात उभी राहून, सगळ्या बायकांच्या देखत. काय काय बोलली ते लिहीत नाही. त्यात खोटं काही नव्हतं. आळीत आता माझं नाव पूर्वीइतकं चांगलं राहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मला तिच्या डब्यातली भाकरी दिली आणि "तुला येत नाय लावनी, वाकडी लावतेस" म्हणून माझी ओळ उपटून पुन्हा लावली.

पण त्याच्या आधी, बोलणं झालं त्याच्या चौथ्या दिवशी, मी सुनेला एसटीवर पोहोचवायला गेले. बरोबर तांदळाची गोणी, घडवंची, पाटा-वरवंटा, दोघांपुरती भांडी. पोरगी गप्प होती, पण पायात वेग होता. गाडी आली. कंडक्टर पाटा-वरवंट्यावरून कुरकुरला, मग त्यानंच वर चढवला. ती खिडकीशी बसली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. तिला माहीत होतं मी काय विचारणार. माझ्या जिभेवर आलंच होतं ते: पुढच्या महिन्यात काही असलं तर कळव.

गाडी सुरू झाली. मी गाडीबरोबर दोन पावलं चालले.

"मीठ घेतलंस का गं?" मी विचारलं.

"घेतलं आत्या," ती म्हणाली, आणि हसली.